एरंडशेठची टेकडी

डिझेल संपलं त्या आठवड्यात नदीकाठची इंजिनं एकेक करून गप्प झाली, आणि काकूला स्वतःच्या घरातले आवाज ऐकू यायला लागले. ऊन चढलं की छपराचा पत्रा कडकड वाजायचा. भिंतीपलीकडे जाऊ भांडी घासायला बसली की तिच्या बांगड्यांवरून ताट घासते आहे की पातेलं, तेही कळायचं. दोन्ही घरांमधली ती भिंत जुनीच होती. पण इतकी वर्षं इंजिनांच्या धकधकीत ती जाड वाटायची, आता एकदम पातळ झाली होती.

रस्त्यावरच्या पंपाला आडवी दोरी बांधलेली होती. पंपवाला दोरीच्या आत खुर्ची टाकून बसायचा आणि कोणी कॅन घेऊन आलं की बसल्या बसल्या नुसता हात हलवायचा. कुठेतरी दूर समुद्रात जहाजं अडली होती म्हणे. समुद्र गावातल्या कुणी पाहिलेला नव्हता, पण मक्याला नुकतं कणीस धरलं होतं आणि ह्या वेळचं पाणी चुकलं तर कणसात दाणा भरत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. नदीत पाणी होतं. ते चढावर आणायला इंजिनाशिवाय काही नव्हतं. विजेच्या तारा गावापर्यंत येऊन थांबलेल्या, शेतापर्यंत पोचायचं त्यांच्या मनात कधी आलंच नाही.

असा दिवस येणार म्हणून ज्या माणसाने उभ्या गावाचे कान किटवले होते, तो गेल्याच वर्षी वारला. काकूचा नवरा. गाव त्याला एरंडशेठ म्हणायचं.

फार वर्षांपूर्वी गावात काही लोक आले होते. पडदा बांधून त्यांनी चित्रं दाखवली. जमिनीखालचं तेल आटत चाललं आहे, पुढे डिझेल झाडाला लागणार आहे, आणि ते झाड म्हणजे मोगली एरंड. खत नको, पाणी नको, शेळी तोंड लावत नाही. बियांचं तेल काढा, आम्ही दारात येऊन घेऊ. रोपं फुकट होती म्हणून सगळ्यांनी नेली. बांधाला लावली आणि विसरून गेले. काकूच्या नवऱ्याने मात्र आपल्या वाटणीची अर्धी टेकडी एरंडाने भरून काढली. बिया धरल्या तेव्हा विकत घेणारे आलेच नाहीत. पुढच्या वर्षीही आले नाहीत. शहाण्यांनी झाडं उपटून चुलीत घातली. ह्याने हातघाणा आणला.

मग जो भेटेल त्याला तो तेच सांगायचा. तेल संपणार. कधी, ते विचारू नका, पण संपणार. लोक सलूनमध्ये त्याला येताना बघून म्हणायचे, "लागलं आता एरंडाचं गुऱ्हाळ," आणि उगाच दाढी वाढली नसतानाही खुर्चीत जाऊन बसायचे, म्हणजे त्याच्याशी बोलावं लागणार नाही. तो रागवायचा नाही. बिया फोडायचा, घाणा फिरवायचा, स्वतःचं इंजिन त्या तेलावर चालवायचा आणि उरलेल्या बिया पोत्यात भरून मागच्या खोलीत रचून ठेवायचा. खोली छपरापर्यंत भरली. त्या उग्र वासात काकूने संसार केला. मूलबाळ झालं नाही. नवऱ्याला बोलायला विषय होता, तिला नवरा होता. तो गेला तेव्हा खोलीभर पोती, हिरवी टेकडी आणि ती, एवढं उरलं.

दिराशी बोलणं त्याआधीच बंद झालेलं. दिराची गाभण शेळी एकदा ह्यांच्या अंगणात शिरली आणि घाण्याखाली पडलेली पेंड खाऊन संध्याकाळपर्यंत मेली. ती पेंड विषारी असते. जावेने फाटकात उभं राहून जे काही बोलायचं ते बोलून घेतलं आणि नंतर पाऊल टाकलं नाही. नवरा वारला तेव्हा तेवढी आली, काकूला धरून रडली आणि पुन्हा भिंतीआड गेली.

आता दिराने आपल्या वाटणीची अर्धी टेकडी सोलरच्या कंपनीला भाड्याने दिली होती. तिथली झुडपं साफ करायला एक जुना जेसीबी आला आणि थोडंफार खरडून डिझेलअभावी तिथेच, बादली जमिनीला टेकवून उभा राहिला. कंपनीच्या साहेबाला सगळी टेकडी सलग हवी होती. तो काकूकडे दोनदा येऊन गेला होता. तरुण, घामाघूम, बोलायला गोड. "काकू, पॅनेल रोज पुसावी लागतात, राखण लागते. तुम्हालाच ठेवतो. दिवसभर माणसांत राहाल." काकू दोन्ही वेळेस "बघू" म्हणाली. एरंड ठेवला तर ह्या घरात एकटीने झिजायचं, आणि काढला तर त्या माणसाने जन्मभर जे एकच काम केलं ते स्वतःच्या हाताने पुसायचं. हे कोणाला विचारावं असं एकही माणूस तिला नव्हतं. संध्याकाळी ती टेकडीच्या पायथ्याशी जाऊन बसायची आणि तशीच उठून यायची.

अशात एका सकाळी फाटक वाजलं. दीर होता. फाटकाच्या आत आला नाही. खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकलं.

"वहिनी, बरं आहे ना?"

"आहे."

"ऊन फार आहे यंदा."

"दरवर्षीच असतं."

दीर आभाळाकडे बघत राहिला. काकूला कळलं होतं, पण तिने सोपं करून दिलं नाही. एवढ्या वर्षांत एक वाक्य तरी त्यालाही जड जाऊ दे.

"मका वाळायला लागलाय," तो शेवटी म्हणाला. "दादाचं ते... तेल असेल का थोडं?"

"एरंडाचं?"

"तेच."

"शेळीबरोबर गेलं नाही का ते?" काकूच्या तोंडून निघून गेलं. दिराने मान खाली घातली. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झालेले तिने पहिल्यांदा पाहिले, अगदी तिच्या नवऱ्याचे व्हायचे तसे, खालून वर. ती उठली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली.

तेल देऊन भागत नव्हतं, कारण ते घट्ट असतं. गार इंजिनात ओतलं तर इंजिन दमेकऱ्यासारखं खोकतं आणि बसतं. नवऱ्याची त्यासाठी एक रीत होती. पहिला घोट डिझेलचा, शेवटचा घोट डिझेलचा. आधी मापटंभर डिझेलवर इंजिन सुरू करायचं, ते तापलं की तेलाचा डबा त्याच्याच अंगावर ठेवून तेल पातळ करायचं आणि मग नळी बदलायची. बंद करण्याआधी पुन्हा मापटंभर डिझेल पाजायचं, म्हणजे आतलं तेल धुऊन निघतं. ह्यासाठी त्याने डिझेलचे दोन कॅन कायम भरून ठेवले होते. काकूने एक कॅन उचलला आणि दिराच्या मागोमाग नदीवर गेली.

दिराने हँडल मारलं. एकदा, दोनदा. त्याच्या खांद्यात आता ते बळ नव्हतं, तिसऱ्यांदा हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं तेव्हा तो कळवळला. काकूने पुढे होऊन हँडल हातात घेतलं. नवऱ्याच्या आजारपणात घरचं इंजिन तिनेच चालवलं होतं. अंग मागे घेऊन तिने झटका दिला आणि इंजिन पेटलं. थोड्या वेळाने नळी बदलली. धूर निळसर झाला, तळणीचा वास सुटला, आवाज जरा खोल गेला, पण तुटला नाही. पाइपातून पाणी आलं.

दीर पाण्याकडे बघत होता. "चालतंय की," तो म्हणाला.

"चालायचंच," काकू म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून ती खाली बसून पाय धुवायला लागली.

नदीकाठी एकच इंजिन चालू असेल तर त्याचा आवाज कुठवर जातो हे सांगायला नको. दुपारपर्यंत काकूच्या अंगणात डबे, बाटल्या, कॅन आणि माणसं जमली. सलूनवाला आला, ट्रॅक्टरवाला आला, जन्मात टेकडीकडे न फिरकलेले आले. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात ते काही खोटं नाही. ज्यांनी ही म्हण एरंडशेठला ऐकवली होती, तेच आता पोती खांद्यावर आणून बिया उन्हात वाळत घालत होते.

मग अंगणात कामच काम उभं राहिलं. बायका ओळीने बसून दगडाने टरफलं फोडायच्या. पुरुष आळीपाळीने घाण्याचा दांडा ढकलायचे. दांडा फिरवताना छाती लोखंडाला लागायची आणि सदऱ्यावर तेलकट पट्टा उमटायचा. तळव्यांना फोड आले, फुटले, त्यात तेल शिरून झोंबलं. पिवळं, संथ तेल कापडातून गळत राहायचं आणि काकू प्रत्येकाला डबा भरून देताना बजावायची, "हे दोन मापटी डिझेल वेगळं. एक सुरू करताना, एक बंद करताना. बंद करतानाचं विसरू नका. नाहीतर नोझल धरेल."

"नाही विसरत, काकू."

दुसऱ्या दिवशी जाऊ आली. फाटकातून न येता भिंतीच्या कडेने, जणू काही वस्तू शोधत आलेली. बायकांनी सरकून जागा केली. तिने दगड उचलला आणि फोडायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पेंड झाकून ठेवा हो सगळी. गुरं फिरतात." काकू म्हणाली, "ठेवते." एवढंच. पण दुपारी पाणी पिताना जावेने तांब्या आधी तिच्याकडे केला.

हात चालू असले की तोंडही चालतं.

"जमिनीतलं तेल म्हणजे विहिरीसारखंच," सलूनवाला दांडा ढकलता ढकलता म्हणाला. "उपसत राहिलं की एक दिवस तळ दिसणारच."

"तळबिळ काही नाही," ट्रॅक्टरवाल्याने त्याला उडवून लावलं. "आजा म्हणायचा संपणार, बाप म्हणायचा संपणार. ते दोघे संपले."

"मग पंपाला दोरी कशाला बांधलीय? कपडे वाळत घालायला?"

"ते अडलंय. अडणं वेगळं, संपणं वेगळं."

"माझ्या मक्याला दोन्ही सारखंच," जाऊ म्हणाली आणि बायका हसल्या.

"साहेब सांगत होता, पुढे सगळं सूर्यावर चालणार. इंजिन, ट्रॅक्टर, सगळं."

"आणि सूर्य मावळल्यावर?"

"बॅटरीत भरून ठेवायचा."

"हा सूर्य बरणीत भरणार! घरात मीठ भरून ठेवायची अक्कल नाही."

"मला तर वाटतं, शेवटी बैलच परत येणार," दीर म्हणाला.

"बैल येतील हो," सलूनवाला म्हणाला, "पण त्यांनी आता तुम्हाला ओळखायला पाहिजे."

काकू ह्या सगळ्यात बसून होती. मधेच कोणीतरी म्हणायचं, "एरंडशेठ असता तर आज फेटा बांधून बसला असता," आणि त्यात चेष्टा नसायची. ते ऐकून तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. संध्याकाळी माणसं पांगली की ती लगेच अंगण झाडायला घ्यायची, उद्या यायला जागा स्वच्छ हवी म्हणून. कोणी बातमी आणली की टँकर निघालेत, दोन दिवसांत पोचतील, की ती पुन्हा पुन्हा विचारायची, नक्की का? नंतर ती बातमी खोटी ठरायची आणि तिला बरं वाटायचं. बरं वाटलं हे तिच्या लक्षातही यायचं नाही.

लक्षात आलं ते दुसरंच. पोती संपत होती. नवऱ्याने कितीतरी हंगाम एकेक बी वेचून जी खोली छपरापर्यंत भरली होती, ती गुडघ्याएवढी उरली, आणि अजून गावाच्या मक्याला एक पाणीही पुरतं झालेलं नव्हतं. एक दिवस सगळे जेवायला गेले असताना काकू त्या खोलीत उभी राहिली. भिंतीचा रंग तिला पुन्हा दिसायला लागला होता. तो म्हणायचा, आपली टेकडी सगळं गाव चालवील. शपथेवर म्हणायचा. टेकडीने गाव चालवलं होतं, पण पोर बोट धरून चार पावलं चालतं, तेवढंच. हे त्याला कळलं होतं का? कळूनही बोलत राहिला होता का? तिला त्याचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावून काही उपयोग नसतो, तरी ती बराच वेळ रागावून उभी राहिली. मग बाहेर आली आणि उरलेल्या बिया वाळत घातल्या.

नंतर एका सकाळी नदीकडून आवाजच येईना. काकू डोक्याला पदर गुंडाळत होती तोच फाटक आपटलं. दीर आत आला आणि त्याच्या मागे आठ-दहा जण. ह्या वेळी तो फाटकाबाहेर थांबला नाही.

"वहिनी, इंजिन गेलं."

"म्हणजे?"

"धरलं. हँडल मारून मारून हात तुटायला आले. माझं गेलं, ह्याचं गेलं, सगळ्यांची गेली. काय दिलंत तुम्ही आम्हाला?"

"सगळ्यांचं एकदम कसं जाईल? शेवटचं डिझेल पाजलं होतं ना?"

ट्रॅक्टरवाला पायाने माती उकरत होता.

"ते राहू द्या," दीर ओरडला. त्याच्या मनगटाची सूज अजून उतरलेली नव्हती. "आधी शेळी खाल्ली, आता इंजिनं खाल्ली. मेला तरी सुटका नाही त्या माणसापासून!"

हे तो आपल्या सख्ख्या भावाबद्दल बोलला, भावाच्या अंगणात. काकूच्या हातातून पदर गळून खांद्यावर आला. भिंतीपाशी जाऊ उभी होती, तिनेही नवऱ्याला थांबवलं नाही. माणसं गेली. अंगणात त्यांच्या चपलांचे तेलकट ठसे राहिले.

फिटर दुपारी शेजारच्या गावाहून सायकलवर आला. त्याने दिराचं इंजिन उघडलं. नोझल म्हणजे बोटाएवढी तोटी, तिच्या बारीक भोकातून तेल आत फवारतं. ती चिकट, काळ्या राळेने गच्च बुजलेली होती. फिटरने नखाने खरवडून बघितलं.

"इंजिनाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तेलावर चालवलं आणि तेलावरच बंद केलं. रोज रात्री थोडंथोडं आत गोठत गेलं. साफ करून देतो, पण धुवायला डिझेल लागेल. आहे का कोणाकडे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सलूनवाला गुपचूप घरी गेला आणि बाटली घेऊन आला. बाटलीत डिझेल होतं. मग ट्रॅक्टरवाला गेला. मग एकेक करून सगळेच. कोणी औषधाच्या बाटलीत, कोणी दुधाच्या किटलीत साठवलेलं. शेवटचा घोट. काकूने रोज इंजिन धुवायला म्हणून मोजून दिलेलं ते मापटं प्रत्येकाने घरी नेऊन जपून ठेवलं होतं. डिझेल मिळत नाही त्या दिवसांत ते इंजिनात ओतून धूर करायला हात धजावला नाही. आणि प्रत्येकाला वाटलं होतं की आपण एकटेच असे हुशार. दिराचा तर निम्मा कॅन निघाला.

फिटर पोट धरून हसला. मग बाकीचेही हसले. दीर तेवढा हसला नाही.

हे काकूला सलूनवाल्याच्या बायकोने फाटकातून सांगितलं. सांगताना तीही हसत होती. "सगळे उठून आता तुमच्याकडे येणारच आहेत बघा," ती म्हणाली. "म्हणतात, काकूची माफी मागू आणि उद्यापासून पुन्हा बसू." काकूने डोळे पुसले. घाण्याखालचं भांडं सरळ केलं. चटई झटकून अंगणात टाकली आणि पाण्याची घागर भरून ठेवली.

तेवढ्यात रस्त्याकडून हॉर्न ऐकू आला. लांबलचक, पुन्हा पुन्हा वाजवलेला. टँकर आला होता.

नदीकडून माणसं पळत निघाली. काकूच्या फाटकावरूनच रस्ता होता. कॅन घ्यायला घराकडे पळणारे, बायकांना हाका मारणारे, "आला, आला" म्हणून ओरडणारे. सलूनवाल्याची बायको बोलता बोलता निघून गेली. जाऊ पदर खोचून धावली. फाटकापाशी कोणी थांबलं नाही. काकू चटईच्या कडेला उभी होती, आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हे, की कशाला मेला आला.

आणि मग तिची तिलाच लाज वाटली. अंगावर पाणी पडावं तशी. मका जळत होता, जावेच्या घरात वर्षाचं धान्य तेच होतं, आणि ती मनात म्हणत होती, अजून थोडे दिवस अडलेलं राहू दे. गावाचं वाईट व्हावं म्हणून ती वाट बघत होती. मग तिला दिसलं की तिचा नवराही वेगळं काही करत नव्हता. भला माणूस, मुंगी मारायचा नाही, आणि जन्मभर वाट बघत राहिला की एकदा जगाचं तेल संपावं, सगळं बंद पडावं, म्हणजे लोक आपल्या दारात येतील. हे असं कोणी त्याला तोंडावर सांगितलं नव्हतं. तिनेही नाही. तिला वाटलं, सांगायला हवं होतं. घाण्यावरून उठवून त्याला हाताला धरून सलूनमध्ये नेऊन बसवायला हवं होतं, नुसतं, विषय न काढता.

माफी मागायला कोणी आलं नाही. तसे ते वाईट नव्हते. पाणी सुरू झालं आणि कामाला लागले, एवढंच. दिवसभर इंजिनं धकधकत राहिली आणि भिंत पुन्हा जाड झाली. एकदा जाऊ फाटकावरून गेली, तिने मान हलवली, काकूनेही हलवली. एका सकाळी काकूने वाळत घातलेल्या उरलेल्या बिया एकटीने फोडल्या, एकटीने घाणा फिरवला. अर्धा फेरा मारला की थांबून श्वास घ्यायचा. का काढते आहे हे तेल, कोण घेणार, ते तिला सांगता आलं नसतं. काम उरलं होतं म्हणून संपवलं. डबे भरले.

दोन दिवसांनी सोलरचा साहेब आला. ह्या वेळी बोलायला गोड नव्हता, थकलेला होता.

"काकू, तुमच्याकडे मागायला लाज वाटते," तो म्हणाला. "पंपावर डिझेल आधी शेतीला देतात. आम्हाला पुढच्या महिन्यात म्हणतात. मशीन उभं आहे, ऑपरेटर बसून आहे. ते तेल... आहे का थोडं?"

"जेसीबीला?"

"हो." त्याने मान खाली घातली. त्या जेसीबीने पुढे काय उपटायचं होतं ते दोघांनाही माहीत होतं.

काकूने टेकडीकडे पाहिलं. पानं सगळी झडलेली, नुसत्या राखाडी फांद्या उभ्या होत्या. एवढं मोठं यंत्र ह्यांच्या तेलावर चालेल का, हा विचार आधी आला, आणि मग तिला कळलं की तिला ते बघायचं आहे. दुसरं काही कारण तिने शोधलं नाही.

"आहे," ती म्हणाली. "दिराच्या बाजूचं संपलं की माझ्या बाजूला घाला मशीन. पण तेल मी स्वतः भरणार. आणि पहिला आणि शेवटचा घोट डिझेलचा. ते चोरून ठेवलंत तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

"काकू, नक्की ना? नीट विचार करा."

"केला. आता उचला डबे."

नवऱ्याच्या दुसऱ्या कॅनच्या तळाशी थोडं डिझेल उरलं होतं. ऑपरेटर परगावचा, काळासावळा, बोलका माणूस. डोक्याला रुमाल बांधून तो तिचं सगळं मन लावून ऐकत होता, तेल पातळ व्हायला डबा कुठे ठेवायचा, नळी कधी बदलायची. त्याने यंत्र सुरू केलं. ते तापेपर्यंत दोघं सावलीत उभे राहिले. मग काकूने कापड लावून तेल गाळून ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत डबा उलटा धरून ठेवला.

यंत्र एकदा अडखळलं. मग त्याचा आवाज खोल गेला आणि लागून राहिला, एकसारखा, भरलेला. तळणीचा वास टेकडीवर पसरला. बादली उचलली गेली, झुडपाच्या बुडाशी शिरली आणि मातीसकट झुडूप वर आलं. मग दुसरं. दुपारपर्यंत दिराची बाजू साफ झाली आणि यंत्र काकूच्या बाजूला वळलं. मुळं तुटताना फांद्यांतून दुधासारखा चीक गळत होता. यंत्र कुठेही दमलं नाही. दगड आला तर दगड उचलला, चढ आला तर चढलं. काकू त्याच्या बाजूने वर वर चालत राहिली. प्रत्येक झुडपाबरोबर तिला वाईट वाटत होतं आणि यंत्र पुढे सरकलं की आतून उकळी फुटत होती. दोन्ही एकदम वाटतं, हे तिला माहीत नव्हतं.

माथ्यावर पोचल्यावर ऑपरेटरने यंत्र थांबवलं, पण चालू ठेवलं. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो आवाजावरून ओरडला, "काकू, एक नंबर! डिझेलवरसुद्धा इतकं गुळगुळीत चालत नाही हे खटारं. कोणाची अक्कल ही?"

"आमच्या ह्यांची," काकूही ओरडली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मग त्यांना बोलवा की वर! त्यांनी बघायला नको?"

आणि काकू खरंच वळली. पदर सावरत, उकरलेल्या मातीतून घाईने घराच्या दिशेने चार-सहा पावलं उतरली. हाक मारायला तिने तोंडही उघडलं. मग थांबली.

ऑपरेटर वाट बघत राहिला. थोड्या वेळाने त्याला वाटलं, म्हातारे गृहस्थ आत झोपले असतील. त्याने खिडकी लावून घेतली आणि उरलेली झुडपं काढायला घेतली.